तो ब्रश तोंडाजवळ येऊ देत नाही: स्वमग्न मुलाच्या दातांविषयी एका आईला उत्तर

तासगावकडच्या एका आईने विचारलं आहे: मुलगा 7 वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), बोलणं अगदी मोजकं. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएटचं सिरप चालू आहे. ब्रश दिसला की किंचाळतो. खालच्या दोन दाढा किडल्यात, वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. एका डॉक्टरांनी ‘दुधाचे आहेत, पडतील, मोठा झाला की बघू’ असं सांगितलं, तर दुसऱ्यांनी ‘पूर्ण भूल देऊन सगळं करून टाका’. गेला महिनाभर तो रात्री उठून उजव्या गालावर बुक्के मारून घेतो, पोळी सोडून दूधभातावर आलाय. शाळेतून ‘वर्तनसमस्या वाढली’ असा निरोप आलाय. नेमकं काय करायचं?

ताई, सुरुवात शेवटच्या गोष्टीपासून करते, कारण घाई तिथे आहे.

रात्रीच उठतो, एकाच गालावर मारून घेतो, पोळी सोडून दूधभातावर आलाय, हे सगळं तुमच्याच पत्रात आहे. मी तेवीस वर्षं लहान मुलांचे दात बघते आहे. असं वर्णन ऐकलं की मी आधी दाढेचा विचार करते, वर्तनाचा नंतर. आडवं झालं की किडलेल्या दाढेतला ठणका वाढतो. बोलणारं मूल ‘आई, दाढ दुखते’ म्हणतं. तुमच्या लेकाकडे ते शब्द नाहीत, म्हणून तो हाताने सांगतोय. थेरपीचे तास वाढवण्याआधी दाढ तपासून घ्या, आणि ती याच आठवड्यात. कान दुखत असला तरी मुलं असंच करतात, म्हणून बालरोगतज्ज्ञांना कानही बघायला सांगा.

घरी एवढं करा. तो हसताना किंवा जांभई देताना मोबाइलच्या उजेडात उजवीकडची खालची हिरडी बघा. दाढेच्या मुळाशी पुळीसारखा फुगवटा दिसतो का? गाल बाहेरून सुजलाय का? सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली उतरत असेल, ताप असेल, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होत असेल, तर दवाखान्याच्या वेळेची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. तसं काही नसेल, तर तपासणी होईपर्यंत बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेला पॅरासिटामॉलचा डोस चालेल. ॲस्पिरिन नको, त्यातून व्हॅल्प्रोएट चालू असताना तर नकोच. आणि एक कळकळीची विनंती: दाढेत कापूर ठेवू नका. आजीच्या बटव्यातला हा उपाय अजून घरोघरी होतो, पण कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते, आणि तुमच्या मुलाला आधीच फिट्स आहेत. लवंगेच्या तेलाचा बोळाही नको, हिरडी भाजते.

आता ‘मोठा झाला की बघू’ या सल्ल्याबद्दल. हा सल्ला मी शेकडो पालकांच्या तोंडून ऐकलाय आणि त्याचे परिणाम माझ्या खुर्चीत बघितलेत. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात. सातव्या वर्षी ‘पडेलच’ म्हणून सोडलेली दाढ आणखी तीन-चार वर्षं दुखत राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. त्यासाठी आधी एकही दात पडत नाही, म्हणून ती पक्की दाढ आहे हे आईवडिलांच्या लक्षातच येत नाही. तुमच्या मुलाच्या तोंडात ती आत्ता आली असेल किंवा येत असेल. ती जन्मभराची आहे. तिच्या खोल खाचांमध्ये सीलंट, म्हणजे खाचा बुजवून कीड अडवणारा पातळ थर, भरून घेणं हे या वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. किडलेल्या दोन दाढांच्या गडबडीत ही चार विसरू नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली पूर्ण भूल चुकीची नाही, पण ‘सगळं करून टाका’ एवढंच म्हणून भागत नाही. मधे बऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक दाताचा हिशेब वेगळा आहे.

पुढच्या दातांवरचे डाग वरवरचे असतील तर ड्रिल न लावता कीड थांबवणारं औषध आहे, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. कापसाने दात कोरडा करून छोट्या ब्रशने मिनिटभर लावायचं. दुखत नाही, आवाज नाही, सुई नाही. तोटा एकच आणि तो आधीच सांगते: किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो. फोटोत दिसेल, नातेवाईक विचारतील. मी पालकांना आधी दुसऱ्या मुलाच्या दातांचा फोटो दाखवते, मगच हो म्हणायला सांगते. पण रात्री ठणकणाऱ्या दाढेला हे औषध पुरत नाही. कीड दाढेच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल तर नसेचा इलाज करून स्टीलची कॅप बसवावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. ज्या दाढेची नस अजून ठीक आहे, तिच्यावर दाढ न कोरताही कॅप बसवता येते. हॉल तंत्र म्हणतात त्याला. थोडे दिवस चावताना उंच लागतं, मग बसतं.

तो दहा मिनिटं बसू शकत असेल, नाकावरचा मास्क सहन करत असेल, तर नायट्रस ऑक्साइडने, म्हणजे ज्याला लोक लाफिंग गॅस म्हणतात त्याने, बरंच काम होतं. त्यात मूल जागं राहतं, फक्त सैल पडतं. मात्र नाकाला काही लागलेलंच चालत नसेल तर हा मार्ग बंद. अशा वेळी ठणकणाऱ्या दाढेसाठी महिनोन्महिने सराव करत बसण्यापेक्षा पूर्ण भूल हा माणुसकीचा उपाय आहे. आपण हरलो असं मनात आणू नका.

फक्त भूल द्यायचीच असेल तर एकदाच द्यावी लागेल अशा हिशेबाने काम करून घ्या. त्याच बैठकीत एक्स-रे, सगळ्या किडलेल्या दातांचा इलाज, चार पक्क्या दाढांना सीलंट, फ्लोराइड वार्निश म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेप, सगळं. अशा मुलांत मी मोठ्या फिलिंगपेक्षा कॅप पसंत करते, कारण फिलिंग निघालं तर पुन्हा भूल. ज्या दाढेची शाश्वती वाटत नाही ती वाचवण्याचा हट्ट धरत नाही. हे काम भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवं, साध्या क्लिनिकच्या खुर्चीत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. व्हॅल्प्रोएटमुळे काही मुलांच्या प्लेटलेट कमी होतात, रक्त गोठायला वेळ लागतो. दाढ काढायची असेल तर आधी रक्ततपासणी हवी आणि मेंदुविकारतज्ज्ञांची चिठ्ठी हवी. आणि फिट्सचं औषध स्वतःच्या मनाने चुकवू नका. भुलीआधी सहा तास दूध-जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असा सर्वसाधारण नियम असतो. पण सकाळचा सिरपचा डोस कधी आणि कसा द्यायचा हे भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या.

जागेपणी सुई देऊन काम झालं, तर घरी नेल्यावर तीन तास त्याच्या ओठाकडे लक्ष ठेवा. ओठ बधिर असतो आणि मूल तो चघळतं. दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजतो, आत पांढरट चट्टा येतो, आणि घाबरलेले आईवडील ‘पू झाला’ म्हणून धावत येतात. तो पू नसतो, स्वतःच्याच दातांनी चावलेली जखम असते, आठ-दहा दिवसांत भरते. पण ज्या मुलाला आधीच तोंडाची धास्ती आहे, त्याला हा त्रास व्हायला नको. ओठ जागेवर येईपर्यंत खायला देऊ नका, आणि त्याच्या आवडीचं काहीतरी हातात देऊन शेजारी बसा.

आता ब्रशबद्दल, कारण इलाज कितीही चांगला झाला तरी रोजची निगा तुमच्याच हातात राहणार आहे.

पहिलं म्हणजे बाथरूम सोडा. ओली फरशी, घुमणारा आवाज, वरून पांढरा दिवा, मिंटचा वास, आणि वर कोणीतरी हनुवटी धरतंय. आपल्याला यातलं काही जाणवत नाही, त्याला सगळं एकदम अंगावर येतं. खोलीत चटई टाका. त्याला उताणा झोपवा, डोकं तुमच्या मांडीवर, तुम्ही त्याच्या डोक्यामागे बसलेल्या. अंगावर त्याची रोजची गोधडी घाला, तिच्या वजनाने पुष्कळ मुलं शांत होतात. असं बसलं की तुम्हाला वरून सगळे दात दिसतात आणि तुमचा डावा हात ओठ बाजूला करायला मोकळा राहतो. तोंडात पाणी किंवा घास असताना मात्र आडवं करायचं नाही.

पहिला आठवडा ब्रश तोंडात जाणारच नाही, हे आधी स्वतःला सांगा. कोरडा ब्रश त्याच्या तळहातावर फिरवा, एक ते पाच मोजा, बंद. पाच म्हणजे पाच. तो शांत आहे म्हणून सहावा आकडा चोरायचा नाही. त्याचा विश्वास त्या पाचवर बसणार आहे. मग दंडावर, गालावर, ओठांवर. मग पुढच्या एका दातावर पाच आकडे. एखादी पायरी दोन दिवसांत सुटेल, एखादीला तीन आठवडे लागतील. मागे यावं लागलं तर एक पायरी मागे या, सोडून देऊ नका. वेळ तीच, चटई तीच, आकड्यांची चाल तीच. चित्रं चालत असतील तर चार चित्रांची पट्टी भिंतीवर लावा: चटई, ब्रश, पाच आकडे, आणि शेवटी त्याच्या आवडीची गोष्ट.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला ब्रशच्या केसांचा स्पर्शच सहन व्हायचा नाही. त्याच्या आजोबांनी बोटाला धुतलेल्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळून सुरुवात केली. दीड महिन्याने त्याच फडक्याखाली लहान मुलांचा मऊ ब्रश लपवला. त्यानंतर कधीतरी फडकं गळालं, मुलाला कळलंही नाही. उलट काही मुलांना हलका स्पर्श टोचतो आणि दाब आवडतो, त्यांना बॅटरीचा थरथरणारा ब्रश चक्क आवडतो. तुमचा मुलगा यातल्या कुठल्या प्रकारचा आहे हे तुम्हालाच कळेल. मिठी घट्ट आवडते की अंग चोरतो? तिथून अंदाज घ्या.

पेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरात फ्लोराइड किती ते लिहिलेलं असतं, 1000 पीपीएम बघून घ्या. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. तीन वर्षांच्या पुढे वाटाण्याएवढी पेस्ट सांगतात, पण त्याला थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढी लावा आणि उरलेला फेस फडक्याने टिपून घ्या. चूळ भरता येत नाही म्हणून पेस्टच वापरायची नाही, हे बरोबर नाही. ज्यांना थुंकता येतं त्यांनीही नंतर खळखळून चूळ न भरलेलीच बरी, तेवढं फ्लोराइड दातांवर राहतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथल्या पालकांनी मात्र आधी दंतवैद्यांना विचारावं. पेस्टच्या चवीनेच तो बिथरत असेल तर सुरुवातीला नुसता ओला ब्रश. ब्रश आधी, पेस्ट मागून.

दोन वेळा जमत नसेल तर रात्रीची एक वेळ सांभाळा. आणि सिरप ब्रशच्या आधी द्या. फिट्सची बरीच सिरप गोड असतात. ब्रश करून, सिरप देऊन झोपवलं तर ती साखर रात्रभर दातांवर राहते, कारण झोपेत लाळ कमी सुटते. साखर नसलेलं औषध किंवा गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारून बघा. विचारल्याशिवाय बदल नको.

खाण्याबद्दल तुम्हाला कोणी बोल लावत असेल तर मनावर घेऊ नका. जे मूल चारच पदार्थ खातं, त्याच्या आईला ‘बिस्किटं बंद करा’ सांगणं सोपं असतं. बिस्किटं एकदम बंद करू नका, ती जेवणालाच जोडून द्या. दिवसभर येता-जाता देऊ नका. दातांना एकूण साखरेपेक्षा दिवसातून किती वेळा साखर लागते ते जास्त बाधतं. घास गालात धरून ठेवायची सवय असेल तर जेवणानंतर पाणी पाजून बोटाने गाल मोकळा करा. थेरपीत बक्षीस म्हणून चॉकलेट किंवा जेम्सच्या गोळ्या देत असतील तर थेरपिस्टशी बोला. तासाला वीस गोळ्या म्हणजे दातांवर वीस वेळा साखर. साबणाचे फुगे, भिंगरी, आवडत्या गाण्याची एक ओळ, हीसुद्धा बक्षिसंच आहेत.

दवाखाना निवडताना बालदंतरोगतज्ज्ञ, म्हणजे एमडीएस पेडोडॉन्टिस्ट शोधा आणि जाण्याआधी फोनवर पाच मिनिटं मागा. त्याला कशाची भीती वाटते, काय आवडतं, फिट शेवटची कधी आली, औषधं कुठली, हे फोनवरच सांगा. दिवसाची पहिली वेळ घ्या, ताटकळत बसावं लागलं की अर्धी शक्ती तिथेच संपते. ठणका नसता तर पहिल्या भेटीत फक्त खुर्चीवर बसून या, असं मी सांगितलं असतं. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, पण पुढच्या तपासण्यांसाठी हे लक्षात ठेवा. कानावर हेडफोन, डोळ्यांवर गॉगल चालतो. एक्स-रेचा जड शिशाचा ॲप्रन काही मुलांना इतका आवडतो की तो काढू देत नाहीत. मी तो घालूनच तपासते. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

धरून ठेवण्याबद्दल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका स्वमग्न मुलीला चौघांकडून धरून तिची दाढ काढली. दुखत नव्हती ती दाढ, थांबता आलं असतं. काम दहा मिनिटांत झालं आणि पुढची दोन वर्षं ती दवाखान्याची पायरी चढली नाही. रस्त्यात पांढरा कोट दिसला तरी ती खाली बसायची. त्या दोन वर्षांत तिच्या दोन पक्क्या दाढा गेल्या. तेव्हापासून तातडीची वेळ सोडून, आणि पालकांना आधी सगळं सांगितल्याशिवाय, मी कुणालाही धरून काम केलेलं नाही. तुम्हालाही तसं कोणी सुचवलं तर विचारा: हे आजच का करायचं?

तुमच्या मुलाच्या शाळेत इतर मुलंही असतील, म्हणून त्यांच्या आयांसाठी थोडं लिहिते. डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, कधी वर्ष-सव्वा वर्षानंतर पहिला दात दिसतो, काही दात येतही नाहीत. त्याने घाबरू नका. या मुलांना किडीपेक्षा हिरड्यांचा धोका मोठा आणि तो लहान वयातच सुरू होतो, म्हणून ब्रश हिरडीच्या कडेवरून फिरायला हवा. बऱ्याच जणांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ठरली असेल तर दंतवैद्यांना सगळ्यात आधी ते सांगा, काही इलाजांआधी प्रतिजैविक द्यावं लागतं. मानेचे मणके सैल असू शकतात, खुर्चीत डोकं मागे झुकवताना जपायला सांगा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे दात ब्रश लागताच करकचून मिटतात, तो हट्ट नसतो, प्रतिक्षिप्त क्रिया असते. दातांमध्ये आपलं बोट घालू नका. व्हीलचेअरमध्येच, मागून डोक्याला छातीचा आधार देऊन, मान किंचित पुढे ठेवून ब्रश करा, म्हणजे ठसका लागत नाही. फेनिटॉइन हे फिट्सचं औषध चालू असलेल्या मुलांच्या हिरड्या दातांवर चढतात. औषध बंद करायचं नाही, दर तीन महिन्यांनी दात साफ करून घ्यायचे.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. पूर्ण भुलीचं काम खासगीत महाग पडतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग आहेत. तुमच्या जवळ सांगली, कराड, कोल्हापूर भागात खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथेही क्लिनिकपेक्षा दर कमी असतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत चौकशी करा. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथेच पाठवतं. मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र झालं असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव घाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठीही त्यात ठरावीक रक्कम आहे.

आज रात्री तो उठला की वेळ लिहून ठेवा. कुठल्या बाजूला मारतो, गार पाणी दिल्यावर थांबतो की जास्त रडतो, किती वेळाने झोपतो. तीन-चार रात्रींच्या नोंदी आणि जमला तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तपासणीला तो कागद घेऊन जा आणि खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरांच्या हातात द्या. त्याला जे सांगता येत नाही, ते त्या कागदावरून डॉक्टरांना कळेल.